विरी

ताईचं कार्ड माझ्या हातात पडायच्या आधी स्टाफरूममधल्या तिघांनी तरी वाचलेलं होतं. पोस्टकार्ड हे आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय असतं, आणि शिपायापासून उपप्राचार्यांपर्यंत सगळे त्याचे सभासद. येत्या रविवारी नेवाशाला मुलगी बघायला जायचं. मुलीचं नाव राही, अकरावी पास. वडील सूर्यभान गुरुजी प्राथमिक शाळेत हेडमास्तर. आई नाही, आत्यानं वाढवली. दाजी श्रीगोंद्याहून सकाळच्या गाडीनं नगरला येतील, मग तुम्ही दोघं मिळून जा. एवढं सगळं ताईनं किरट्या अक्षरात बसवलं होतं, आणि जागा संपल्यावर कडेनं उभं लिहिलं होतं, 'त्यांनी जेवायलाच बोलावलंय. तुझा नेम कळवला आहे. फार कौतुक वाटलं त्यांना.' मुलगी, गुरुजी, लग्न यांपैकी कशानंही माझं काही हललं नाही. 'जेवायलाच' हा शब्द मात्र मी तीनदा वाचला. इतिहासाचे प्राध्यापक समोरच डबा उघडून बसले होते. चपातीचा रोल करून तो चहात बुडवता बुडवता म्हणाले, 'सर, आता नेम सोडा. लग्नात बुंदीबरोबर पुरी नको का?' त्यांच्या मिशीला चहात भिजलेल्या चपातीचा तुकडा चिकटला होता. हा माणूस दिवसातून तीनदा गहू खातो, त्यातला अर्धा मिशीला लावतो, आणि ढेकर देऊन बाबराच्या स्वाऱ्या शिकवायला जातो. त्याला काहीही होत नाही. जगात न्याय नाही हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज पडलेली नाही.

माझा नेमबीम काही नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो, देव मानत नाही, आणि नवसाला बोकड कापणाऱ्यांबद्दल मला जेवढी घृणा आहे तेवढीच नवसाला उपास करणाऱ्यांबद्दल आहे. मला गहू चालत नाही, एवढंच. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे सत्तर साली, पुण्याच्या एका विलायतेहून आलेल्या डॉक्टरनं मला एका नळीच्या टोकाला लावलेली बारकी डबी गिळायला लावली. तिनं आतड्याचा कण काढला, आणि चार दिवसांनी तो डॉक्टर हसऱ्या चेहऱ्यानं मला म्हणाला की तुमच्या आतड्याचं आतलं अस्तर गव्हानं पार खरवडून काढलंय. रोगाचं नाव सीलिॲक. गहू, मैदा, रवा, जव बंद. किती दिवस, असं मी विचारलं तर म्हणाला, मरेपर्यंत. औषध काय, तर हेच औषध. कणभरसुद्धा नको, कारण आतड्याला कण आणि पोतं यांतला फरक कळत नाही. मग त्यानं सहा विद्यार्थ्यांना आत बोलावलं आणि त्यांना माझं पोट दाबायला लावलं. विलायतेत असे पेशंट ढिगानं मिळतात, आपल्याकडे मोठ्या माणसात क्वचित सापडतो, म्हणून तो खूश होता. दुर्मीळ पक्षी सापडल्यासारखी ती पोरं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या एकाचे हात थंडगार होते, आणि त्याच्या बोटांना नुकत्याच खाल्लेल्या पावाचा वास येत होता.

खरी गंमत निराळीच आहे. मी पाथर्डीच्या पलीकडचा. आमच्याकडे बाजरी, फार झालं तर ज्वारी. गहू दिवाळीला आणि पाडव्याला दिसायचा, तोही दिसल्यासारखा. पुरणपोळी खाल्ली की दुसऱ्या दिवशी माझं पोट जायचं आणि आई मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर, असा तिचा हिशेब. दृष्ट गव्हाची होती हे तिला कोण सांगणार. वर्षातले तीनशे साठ दिवस मी बाजरी खाऊन हरणासारखा पळत होतो. म्हणजे दारिद्र्य मला मानवत होतं. मग मी हुशार निघालो, नगरच्या वसतिगृहात आलो, आणि तिथे दोन्ही वेळा चपाती. मला आठवतं, माझ्या खोलीतल्या दोघांना गावाहून एस.टी.नं फडक्यात बांधलेल्या भाकरी यायच्या. कंडक्टर ते गाठोडं स्टँडवर फेकायचा. मी त्या दोघांना हसायचो. भाकरीला मी 'चामडं' म्हणायचो. चपाती खाणारा झालो होतो ना मी. एकेक पदवी मिळत गेली आणि एकेक बरगडी वर येत गेली. बी.एस्सी.ला जुलाब, एम.एस्सी.ला रक्त कमी, नोकरी लागली तेव्हा तर प्राचार्यांनी मला खुर्ची दिली ती मी पडेन या भीतीनं. गावाकडचे म्हणायचे, लई शिकून पोरगं वाळलं. गावाकडच्या लोकांचं निदान त्या विलायती डॉक्टरपेक्षा फार चुकलेलं नव्हतं.

सुरुवातीला मी लोकांना खरं सांगून पाहिलं. खरं सांगण्याइतका मूर्खपणा मी पुन्हा केला नाही. गव्हानं कधी कुणाला काही होतं का, असं प्रत्येकजण म्हणायचा. गहू पौष्टिक, गहू आजाऱ्याला देतात, थोडं खाल्लं तर काय होतंय, अहो, साजूक तूप लावलंय, आणि शेवटी, सर, तुम्हाला सवय नाही, सवयीनं पचेल. आग्रह हा आपल्या लोकांचा आवडता अत्याचार आहे. पाहुण्याच्या ताटावर ओणवं होऊन, त्यानं हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढण्यात ह्यांना जो आनंद मिळतो तो स्वतः जेवण्यातही मिळत नाही. मग एकदा आमच्या विभागप्रमुखांकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा म्हणजे रवा, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. बाईंनी द्रोण पुढे केला, सगळे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आई गेल्यापासून गहू सोडलाय मी.' त्याबरोबर त्या खोलीतली सगळी तोंडं मऊ झाली. बाईंनी द्रोण मागे घेतला, डोळ्यांना पदर लावला, आणि मला दोन केळी आणून दिली. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि मी तिच्या दिवसालाही गेलो नव्हतो. पण त्या दिवसापासून माझं बरं चाललं. रोगाला आपल्याकडे कुणी विचारत नाही, नवसाला विचारतात. आजारी माणसाला लोक फसवून खाऊ घालतील, नेमाच्या माणसाला नाही घालणार, कारण ते पाप वाढणाऱ्याच्याही वाट्याला येतं.

तरी नेमानं सगळं भागत नाही. नेमवाल्याला ताटातली चपाती चुकवता येते, पण आमटी दाट व्हावी म्हणून तीत कालवलेलं पीठ चुकवता येत नाही, भजीतला मैदा, हिंगातला मैदा, चपात्या भाजलेल्या तव्यावर टाकलेली भाकरी, हे काही चुकवता येत नाही. म्हणून मी बाहेर जेवत नाही. लग्नात नुसता भात खाऊन उठतो. गंज बाजारातल्या आसारामच्या गिरणीत मी डबा घेऊन तासन् तास उभा असतो, कोणीतरी बाजरी नाहीतर ज्वारी आणीपर्यंत, म्हणजे तिच्यावर माझी दळता येईल. बायका गव्हावर गहू दळायला अडून बसतात, कारण ज्वारी मिसळली तर चपाती काळी पडते. पण ज्वारीत गहू गेला तर कुणाचीच तक्रार नसते. आसाराम एकदा मला म्हणाला होता, 'सर, गव्हावर टाकतो की. तेवढंच चांगलं पीठ यील तुमाला फुकट.' तो मला चिकट समजतो का खुळा, हे मला अजून कळलेलं नाही. त्यात यंदाच्या दुष्काळानं कहर केला. पाऊस नाही, ज्वारी नाही, बाजरी नाही, आणि रेशनला काय, तर अमेरिकेचा गहू आणि ती तांबडी मिलो ज्वारी, तीही गव्हात मिसळलेली. ज्यांच्या बापजाद्यांनी पाडव्याशिवाय गहू पाहिला नाही ती माणसं रांगेत उभी राहून गहू नेत होती आणि वर भाकरी मिळत नाही म्हणून रडत होती. सगळा जिल्हा एका वर्षात माझ्यासाठी विषारी झाला.

रविवारी दाजी आले. रंगनाथ दाजी म्हणजे श्रीगोंद्याच्या कॅनॉलवरचे ऊसवाले. ताई त्यांच्याकडे दिली तेव्हा आमच्या गावात चर्चा होती की मुक्ता आता रोज चपाती खाणार. ती खाते, आणि आता तिचा चेहराही चपातीसारखा झालाय. दाजी स्टँडवर भेटल्या भेटल्या मला म्हणाले, 'मच्छिंद्रराव, आज जरा तोंड हसरं ठिवा. मयतीला चालल्यासारखं नको.' गाडीत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. खिडकीतून नुसतं पांढरं रान दिसत होतं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या आणि एका ठिकाणी सुकडी वाटत होते, तिची गुळमट, भाजक्या गव्हाच्या पिठाची वाफ गाडीत आली. मला त्या वासानं ओकारी येते हे कुणाला सांगितलं तर लोक मला माणसातनं उठवतील. उपाशी माणसांच्या तोंडातला घास ज्याला वासानंही सोसत नाही, त्याला काय म्हणायचं. मी खिडकी लावली. झोपेतच दाजी म्हणाले, 'उकडतंय.' मी ती पुन्हा उघडली नाही. रुमालात बांधलेली माझी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी मांडीवर घेऊन बसलो होतो, प्रवासात नेहमी घेतो तशी. एखादा माणूस स्वतःच्या जेवणाचं गाठोडं घेऊन मुलगी बघायला जातो, हे चित्र मलाच पुरेसं किळसवाणं वाटत होतं. तरी एक खरं सांगतो. एकटेपणाचा मला कंटाळा आला होता. सकाळी उठून स्वतःची भाकरी स्वतः थापायचा, ती खोलीत एकट्यानं भिंतीकडे तोंड करून खायचा, आणि कुणी दार वाजवलं तर ताट झाकायचा कंटाळा आला होता. एक स्वैपाकघर हवं होतं, ज्यात मी न बघता जेवू शकेन. बायको कशाला हवी असं कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि त्यानं माझ्या तोंडात मारली असती तरी मला राग आला नसता.

गुरुजींचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. प्रवरेत पाणी नव्हतं, नुसते दगड होते. गुरुजी बुटके, टोपी घातलेले, आणि बोलताना समोरच्याला इयत्ता चौथीत बसवणारे. पोहे आले, पोहे मला चालतात, मी खाल्ले. मुलगी आली, बसली, दाजींनी तिला नाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं, आणि पेपर वाचायला लावला, जो त्यांना स्वतःला वाचता येत नाही. तिनं दुष्काळी कामांची बातमी अडखळल्याशिवाय वाचली. सावळी, हाडापेरानं मोठी, आणि बघताना सरळ बघणारी. मी खाली बघत होतो. मग गुरुजींनी माझ्या नेमाचा विषय काढला. एवढी विद्या, वर सायन्सचे प्राध्यापक, आणि आईच्या नावानं गहू सोडला, हे आजच्या काळात कुठं बघायला मिळतं, असं ते दाजींना उद्देशून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले. मी विद्यार्थ्यांना तुमचंच उदाहरण दिलं, असंही म्हणाले. नेवाशाच्या चौथीतली चाळीस पोरं माझ्या जुलाबांमुळे मातृभक्ती शिकत होती. उंबऱ्यापाशी मुलीची आत्या छबूबाई बसली होती, कपाळ उघडं, हात राबून राबून काळे झालेले. तिनं सांगितलं की दुष्काळाचा विचार न करता जमिनीतलं शेवटचं पेव उघडलं, तळाची ज्वारी काढली, दोन वरसांची हाय पर घरची हाय, पाव्हण्याच्या नेमाला रेशनचं कशाला. आणि राहीच्या हातची भाकरी मोडत नाही. दाजी लगेच म्हणाले, 'आमच्याकडंबी तसंच म्हणत्यात. भाकरीवरनं बाई कळती.' दाजींच्या घरात भाकरी होत नाही. पण माझ्या खोट्यामुळे त्या दिवशी भाकरी परीक्षेला बसली होती, आणि मुख्य परीक्षक चपाती खाणारे होते.

विरी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाकरीच्या पिठात एक धरून ठेवण्याचा गुण असतो, त्याला बाया विरी म्हणतात. ताज्या ज्वारीला ती असते. दाणा जुना झाला, पीठ शिळं झालं, की विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं चिरते, उचलताना हातात तुटते, आणि बाईची लाज जाते. गव्हात ही विरी उदंड. मी वर्गात मुलांना गव्हाची कणीक नळाखाली धुवून दाखवतो. पांढरं पाणी निघून जातं आणि शेवटी हातात एक राखाडी, चिवट, ताणली तर लांब होणारी गोळी राहते. मुलं हसतात. ती गोळी म्हणजेच माझा रोग. तेवढी एक गोष्ट पिठातून काढून टाकली तर मी जगातल्या कुठल्याही घरी जेवायला बसू शकतो. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही दोन वर्षांच्या, पेवाच्या तळच्या, वास लागलेल्या ज्वारीची भाकरी ताटात पांढरीशुभ्र, कागदासारखी पातळ आणि अंगभर फुगलेली आली तेव्हा मला शंका आली नाही. दाजींनी तर ती उचलली, चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडली आणि सगळ्यांना दाखवली. कुठे चीर नव्हती. 'बघा,' ते म्हणाले, 'धोतरासारखी.' छबूबाईच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की ते बघू नये. मला भूक लागली होती. नुसती भूक नव्हे. एवढ्या माणसांत मांडी घालून, दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या हातचं जेवायची ती भूक होती, आणि ती माणसाला मूर्ख करते. मी घास मोडला. तो जरा ताणला गेला आणि मग तुटला. मी तो वांग्याच्या भाजीत बुडवून तोंडात टाकला.

राही तेव्हाच दुसरी भाकरी घेऊन बाहेर आली होती. ती दाजींना वाढायची सोडून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, 'तुमी खाऊ नका. त्यात गव्हाचं पीठ हाय मूठभर. तुमचा नेम मोडंल.'

हे ती हळू म्हणाली असती तर काही वाचलं असतं. पण तिला हळू बोलता येत नसावं. माझ्या तोंडात तो घास अर्धा चावलेला होता. गिळायचा की थुंकायचा हा विचार मी केलाच नाही, शरीरानं केला. मी उठलो, मोरीत गेलो, बोट घालून तोंड रिकामं केलं आणि चुळांवर चुळा भरू लागलो. मग मला कळलं की त्यांना काय दिसतंय. त्यांना एक नेमाचा माणूस दिसत होता, आईच्या नावासाठी अन्न थुंकणारा. मला मोरीतल्या काळ्या दगडावर तो पांढरा लगदा दिसत होता आणि मी मनात मोजत होतो की गालफडात किती राहिला असेल. परत आलो तर गुरुजी उभे होते आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. एका हेडमास्तरनं, माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं. म्हणाले, आमच्या हातून पाप होत होतं, मोठ्या मनानं माफ करा. छबूबाई रडत नव्हती, ती राहीवर चिडली होती आणि माझ्याकडे बघून बोलत होती. 'पिठाला विरीच ऱ्हायली न्हवती, दादा. थापली की तुटायची. सकाळधरनं सात भाकरी तुटल्या. मूठभर घातलं पोरीची लाज राखाया. मुठीनं कुठं नेम मोडतो व्हय? देवाला समजतं की.' आणि मग राहीला म्हणाली, 'तुला काय गरज व्हती?' राही अजून हातात ती भाकरी घेऊन उभी होती.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलं होतं, म्हणजे अगदी दातांपाशी. 'मला नेम नाही, रोग आहे.' एवढंच. तेवढं बोललो असतो तर गुरुजींचे हात खाली आले असते, छबूबाई पापी ठरली नसती, नुसती अजाण ठरली असती, आणि त्या मुलीनं जे केलं त्याची खरी किंमत तिला कळली असती. मी बोललो नाही. गुरुजींना म्हणालो, 'असू द्या, असू द्या,' संत म्हणतात त्या आवाजात. तो आवाज माझ्या घशात कुठून आला मला माहीत नाही. बहुधा चुळांबरोबर आला. दाजींनी आपली भाकरी खायला सुरुवातही केली होती, कारण त्यांना नेम नव्हता. राही आत गेली. आतून परात घासल्याचा आवाज आला, बराच वेळ, राखेनं घासल्याचा, मग तवा घासल्याचा. मग थापण्याचा. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि तिनं माझं ताट उचलून दुसरं ताट ठेवलं. त्यात एक भाकरी होती, तीन तुकडे झालेली, कडा चिरलेल्या, मधे करपलेली. शेजारी मीठ, मिरचीचा ठेचा, एक कांदा. भाजी नव्हती. भाजीच्या पळीला मघाची भाकरी लागली असेल म्हणून दिली नाही, असं ती म्हणाली. 'परात धुतली. तवाबी धुतला. हे निव्वळ ज्वारीचं हाय.'

मी ते तीन तुकडे खाल्ले. कोरडे होते, घशात अडकत होते, जुन्या दाण्याचा कडवट वास होता. आणि मी सांगतो, तीन वर्षांत परक्या घरात मी एवढं निर्धास्तपणे कधी जेवलो नव्हतो. परात धुवायचं माझ्या ताईच्या कधी डोक्यात आलं नाही. पळीचं तर मी स्वतः दोनदा विसरलो आहे. एवढ्या मोठ्या डॉक्टरनंही मला पळीबद्दल सांगितलं नव्हतं. अकरावी पास झालेल्या, रोगाचं नावही न ऐकलेल्या ह्या मुलीनं एका खोट्या नेमासाठी माझं सगळं पथ्य जसंच्या तसं पाळलं होतं, आणि त्यापायी आपली तुटकी भाकरी चारचौघांसमोर ताटात वाढली होती. मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. मला वाटलं, हेच ते स्वैपाकघर. मी वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, लाजून नव्हे, तर खातोय ना नीट, हे बघत होती. आजाऱ्याकडे बघतात तसं. आणि त्या बघण्याला मी भ्यायलो.

निघताना गुरुजी वेशीपर्यंत आले. त्यांनी काही विचारलं नाही. मुलीच्या बापाला अशा वेळी काही विचारायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं, आणि दाजींनीही मग कळवतो वगैरे काही म्हटलं नाही. गाडीला वेळ होता. स्टँडवर दाजींनी पान लावून घेतलं आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. ते म्हणाले, मुलगी अंगापिंडानं बरी, शिकलेली, घर गरीब पण मानी. ती आत्या लबाड निघाली, पण आत्या काय आपल्याला आणायची नाही. मग त्यांनी पिंक टाकली. 'पर ती पोरगी. आपल्याच माणसाचं झाकलेलं तिनं चव्हाट्यावर मांडलं. आज त्या म्हातारीचं मांडलं. उद्या तुमच्या घरात आली म्हंजे तुमचं मांडील. बाईच्या तोंडाला झाकण पायजे. तुमी काय म्हन्ता?'

मी विचार करत होतो, असं दाजींना वाटलं असेल. विचार करण्यासारखं काही नव्हतं. दाजींनी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर सांगितलं होतं, आणि ते का बरोबर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ती माझ्या घरात आली तर आठ दिवसांत तिला कळणार होतं की नेम नाही, रोग आहे. आणि मग कुणीही विचारलं, शेजारणीनं, ताईनं, सत्यनारायणाच्या बाईंनी, तर ती माझ्यासमोर उभी राहून, मोठ्यानं, सरळ बघत सांगणार होती. त्या इतिहासवाल्याला सांगणार होती. मी मातृभक्त प्राध्यापक उरणार नव्हतो, एक पोट बिघडलेला, खोटारडा माणूस उरणार होतो, म्हणजे मी जो आहे तोच. परात घासणारी बाई मला हवी होती, पण तिनं तोंड मिटून परात घासायला हवी होती. अशी बाई नसते. जिला परातीचं खरं खोटं कळतं तिला माणसाचंही कळतं. ज्या लोकांचा मी तीन वर्षं तिरस्कार करत आलो, मुठीनं नेम मोडत नाही म्हणणारे, धोतरासारखी भाकरी दाखवणारे, ते सगळे मला त्या बाकावर माझ्यापेक्षा बरे वाटले. छबूबाईनं निदान दुसऱ्याची लाज राखायला मूठभर पीठ घातलं होतं.

गाडी लागली. दाजी उठले, धोतर झटकलं, आणि पुन्हा विचारलं, 'मग काय कळवू मुक्ताला?'

'भाकरी मोडते तिची,' मी म्हणालो.